मिकीच्या अंगावर किमोनो कुणी चढवला?

टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या मराठी घरांत वर्षातून एकदा तरी पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरतात, आणि उतरले की त्यांना डिस्नेलँडला नेणं हे यजमानाचं कर्तव्यच असतं. नावात टोकियो असलं तरी ती बाग आहे शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासूत, आमच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर. यंदा मामा आणि त्यांचे कॉलेजपासूनचे एक मित्र आले होते. परेडच्या तासभर आधी माणसं प्लास्टिकच्या पातळ चटया अंथरून, बूट काढून, कुणाला कोपर न लागू देता बसलेली बघितली आणि मामांचं सुरू झालं, ‘‘शिस्त बघ यांची. हे रक्तातच असावं लागतं. आपल्याकडे शंभर वर्षांत व्हायचं नाही.’’ मित्र तरुणपणी चळवळीत होते. ते म्हणाले, ‘‘कसली डोंबलाची शिस्त? अमेरिकेनं एक उंदीर विकायला काढला आणि यांनी तो देव्हाऱ्यात बसवला.’’ परतीच्या बसमध्ये हाच वाद, रात्री पिठलं-भातावर पुन्हा हाच वाद. मला दोघांचंही पटेना. जपानहून परतलेल्या आपल्या लोकांची प्रवासवर्णनं आणि छोटे व्हिडिओ बघितले, तरी हीच दोन टोकं सापडतात. एकात जपानी प्रेक्षक म्हणजे कवायतीला उभा केलेला शिपाई, दुसऱ्यात खिसा कापून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. समोर चाललेला खेळ त्या माणसामुळे तसा झालाय, ही शक्यता दोघांच्याही मनात येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. टोकियो आणि ओसाकातल्या थीम पार्कांमधले खेळ, राइड्स, मिरवणुका आज जशा आहेत, त्यात तिथल्या प्रेक्षकाचा वाटा एखाद्या सहलेखकाइतका मोठा आहे. त्याला ही ताकद त्याच्या हट्टानं दिली. पुन्हा पुन्हा येण्याचा हट्ट, मागच्या खेपेचं सगळं लक्षात ठेवण्याचा हट्ट, आणि आवडत्या गोष्टीसाठी वाटेल तितका वेळ बसून राहण्याचा हट्ट. महासाथीपूर्वी इथे येणाऱ्या दहांपैकी नऊ जण जपानचेच होते. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचा हिशेब वेगळा. तिथे कुटुंबं दूरदूरच्या राज्यांतून, देशांतून आठवडाभराची सुट्टी काढून येतात, आणि पुढची खेप कधी होईल याची खात्री नसते. टोकियो डिस्नेलँडला लागून काही कोटी वस्तीचं महानगर आहे. कचेरी सुटल्यावर संध्याकाळच्या तिकिटावर नुसती परेड बघून घरी जाणारी माणसं इथे आहेत. आयुष्यात एकदा येणाऱ्याला दिपवलं की काम भागतं. चाळिसाव्यांदा आलेल्याला दिपवून चालत नाही, त्याचं ऐकावं लागतं.

आणि ऐकणारा कोण, हेही बघायला हवं. चळवळीतल्या काकांच्या युक्तिवादाला पहिला तडा इथेच जातो. टोकियो डिस्नेलँड डिस्नेच्या मालकीचं नाही. ते ओरिएंटल लँड या जपानी कंपनीचं. ही कंपनी १९६० साली केइसेई रेल्वे आणि मित्सुई फुदोसान यांच्या पुढाकारानं उभी राहिली. उरायासूच्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले, टोकियोच्या खाडीत भर घालून जमीन काढली गेली, आणि त्या भरावावर काय उभारायचं याचा शोध घेत हे लोक कॅलिफोर्नियापर्यंत पोचले. डिस्नेनं त्यात स्वतःचा पैसा जवळपास घातलाच नाही. तिकिटांवर सुमारे दहा टक्के आणि खाण्यापिण्यावर, वस्तूंवर सुमारे पाच टक्के रॉयल्टी घ्यायची, असा तो करार. म्हणजे १५ एप्रिल १९८३ ला दरवाजे उघडले तेव्हा बुडण्याची जवळपास सगळी जोखीम जपानी मालकाची होती, आणि त्याचं गिऱ्हाईक आसपासच्याच गावांत राहत होतं. अशा मालकाला कॅलिफोर्नियाकडे तोंड करून बसणं परवडेल का?

आता काकांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा घेतो, कारण तो खरा आहे. सुरुवातीला जपानी बाजूनं मागितलं ते अस्सल, न पातळ केलेलं अमेरिकन डिस्नेलँडच. अमेरिकन आखणीकारांनी जपानी चवीचं काही सुचवलं की इकडून नकार जायचा. आम्हाला परदेशी सहल हवी आहे, आमचंच घर सजवून आम्हाला दाखवू नका, असा एकूण सूर. बदल झाले ते चिमूटभर. पाऊस फार म्हणून मेन स्ट्रीटच्या जागी काचेचं छप्पर असलेला वर्ल्ड बझार आला. ‘फ्रंटिअर’ या शब्दामागचा इतिहास इथल्या माणसाला काहीच सांगत नाही, म्हणून फ्रंटिअरलँडचं वेस्टर्नलँड झालं. जपानी इतिहासावरचा एक खेळ मात्र पहिल्या दिवसापासून होता, ‘मीट द वर्ल्ड’. गोल फिरणारं प्रेक्षागृह, फुकट प्रवेश. तो २००२ मध्ये बंद झाला, आणि त्यासाठी फार कुणी अश्रू ढाळल्याचं दिसत नाही. मग हा प्रेक्षक अमेरिकेपुढे लोटांगण घालणारा ठरला की नाही?

ठरला नाही. मूळ जसंच्या तसं हवं, ही मागणीसुद्धा मागणीच असते. १८५३ साली कमोडोर पेरीची काळी जहाजं उरागाच्या किनाऱ्याला लागली आणि जपानवर दार उघडण्याची सक्ती झाली. टीकाकारांनी डिस्नेलाही असंच काळं जहाज म्हटलं. (त्याच १८५३ साली टोकियोच्या, म्हणजे तेव्हाच्या एदोच्या, असाकुसा भागात हानायाशिकी ही फुलबाग सुरू झाली आणि पुढे ती करमणुकीची बाग बनली. म्हणजे पेरी आला तेव्हा एदोकर रमायची नवी जागा बघत होते. इतिहासाला कधी कधी विनोद सुचतो.) पण पेरीला कुणी बोलावलं नव्हतं. डिस्नेला बोलावलं, मापं दिली, बिल चुकतं केलं. आपला शिंपी साहेबाच्या कोटाबरहुकूम कोट शिवून देतो, तेव्हा गिऱ्हाईक गुलाम झालं असं आपण म्हणत नाही. कापड त्याचं, पैसे त्याचे, आणि सैल वाटला तर उद्या उसवून घेणाराही तोच.

हे ओळखण्यात खुद्द डिस्नेची फसगत झाली. जपाननं मूळ वस्तू हातही न लावता स्वीकारली, म्हणजे ती जगात कुठेही चालेल, असा निष्कर्ष काढून कंपनी पॅरिसला गेली. टोकियोत मालकी सोडल्याची चूक आता करायची नाही म्हणून तिथे ४९ टक्के भागही घेतला. एप्रिल १९९२ मध्ये युरो डिस्ने उघडलं. नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नूश्किन हिनं त्याला ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ म्हटलं होतं. पण कंपनीला जेरीस आणलं ते विचारवंतांपेक्षा जेवायला बसलेल्या सामान्य माणसानं. जेवणाबरोबर वाइन नाही हे त्याला समजेना. वर्षभरात, १९९३ मध्ये, वाइन मिळू लागली. प्रेक्षक सगळीकडेच पार्क घडवतो. फ्रेंचानं नाही म्हणून घडवलं. जपान्यानं आधी होकार भरला आणि मग वीस-तीस वर्षं रोज थोडं थोडं आपल्या बाजूला ओढून घेतलं, इतकाच फरक.

ओढून घेतलं ते मुख्यतः पंचांगानं. वर्षात दहा वेळा येणाऱ्याला दर खेपेला काही नवं हवं. जपानी बाजारात त्यासाठी एक जुना, सिद्ध उपाय आहे: ठराविक ऋतूपुरतीच मिळणारी गोष्ट. साकुराच्या दिवसांतली मिठाई साकुराबरोबर जाते. हीच सवय पार्कात शिरली. नव्या वर्षाला मिकी-मिनी पारंपरिक जपानी पोशाखात येतात. जुलैत तानाबाताला तेच दोघे आकाशगंगेच्या दोन काठांवरचे प्रेमी, हिकोबोशी आणि ओरिहिमे बनतात, आणि माणसं आपल्या इच्छा चिठ्ठ्यांवर लिहून टांगतात. उन्हाळ्यात मिरवणुकीतून पाण्याचे फवारे उडतात आणि लोक भिजायच्या तयारीनिशी येतात. १९८३ मध्ये जपानी काही नको म्हणणाऱ्यांच्या मुलांनीच मिकीला किमोनोत बघायला गर्दी केली. एखादा अस्वलांचा यांत्रिक संगीतमेळाही बघा. डिस्नेचा हा ‘कंट्री बेअर’ खेळ कॅलिफोर्नियात २००१ मध्ये बंद झाला, फ्लोरिडात २०२४ मध्ये पार बदलला गेला. टोकियोत मात्र तो नाताळची आणि उन्हाळी सुट्टीची वेगळी आवृत्ती पालटत चालू राहिला. अस्वलं बोलतात जपानीत आणि गातात बरंचसं इंग्रजीत. आमच्या मुलांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

पुन्हा येणाऱ्याची छाप यंत्रांच्या रचनेवरही उमटते. २००० साली इथे ‘विनी द पू’ या अस्वलाच्या मधाची राइड सुरू झाली. गाड्यांखाली रूळ नाहीत. मधाच्या हंड्या तिघी-तिघींच्या गटानं निघतात आणि आत वेगवेगळ्या वाटांनी फिरतात, म्हणून कुठल्या हंडीत बसलात त्यावर काय दिसेल ते ठरतं. एकदाच येणाऱ्या माणसाला यातला निम्मा खर्च दिसतच नाही. तो आहे चौथ्यांदा बसून, मागच्या वेळी वाघ डाव्या हाताला होता, असं म्हणणाऱ्यासाठी. कासवाशी गप्पा मारायचा एक खेळ शेजारच्या दुसऱ्या बागेत, डिस्नेसीमध्ये, २००९ पासून आहे. पडद्यावरचं कासव प्रेक्षकांतल्या एखाद्याला नावानं बोलवतं, त्याची फिरकी घेतं, आणि त्यानं हाक दिली की अख्खं प्रेक्षागृह हात वर करून एका सुरात ओरडतं. ही मूळची अमेरिकन कल्पना. पण तो एक सूर, तोही साठीतल्या बायका आणि कोट घातलेल्या बाप्यांच्या तोंडून, इथल्या प्रेक्षकाची भर आहे.

ही दुसरी बाग, डिस्नेसी, ४ सप्टेंबर २००१ ला उघडली. डिस्नेच्या मनात होतं चित्रपट स्टुडिओचं पार्क. ते ओरिएंटल लँडनं नाकारलं आणि समुद्राचा विषय पुढे आला. प्रवेशद्वारी दीपस्तंभ ठेवायचं ठरत होतं. अमेरिकन मनाला दीपस्तंभ म्हणजे घर जवळ आल्याची खूण, जपानी बाजूला त्यात एकटेपणा दिसला. म्हणून तिथे पाण्यात फिरणारा पृथ्वीचा गोल आला, अशी आखणीकारांनी सांगितलेली हकीकत आहे. २००६ चा टॉवर ऑफ टेरर अमेरिकेत ज्या टीव्ही मालिकेवर उभा आहे ती इथे कुणाला ठाऊक नव्हती. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या न्यूयॉर्कमधला, परक्यांच्या देवमूर्ती पळवून आणणारा हॅरिसन हायटॉवर नावाचा हॉटेलमालक नव्यानं रचला गेला. मला विचाराल तर मूळ गोष्टीपेक्षा ही सरस आहे. वसाहतींच्या लुटीवर बेतलेली भयकथा डिस्नेच्या छपराखाली निघाली, याची गंमत काकांनाही वाटली.

पण सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे डफी. हे एक साधं, खरं तर जरा बावळट दिसणारं टेडी. जन्म अमेरिकेत, २००२ साली, फ्लोरिडातल्या दुकानात. तिथे ते कुणी हातातही धरेना. २००४ च्या नाताळाच्या सुमारास ते डिस्नेसीत आलं. पुढच्या वर्षी त्याला नाव मिळालं आणि गोष्ट मिळाली: मिकी समुद्रप्रवासाला निघाला तेव्हा त्याला एकटं वाटू नये म्हणून मिनीनं हे अस्वल शिवलं. बस, एवढंच. मागे ना चित्रपट, ना मालिका. लोकांनी ते उचललं, कडेवर घेतलं, त्याला घरी कपडे शिवले, बाकावर शेजारी बसवून त्याचे फोटो काढले. मग पार्कनं डफीला बसवायला छोटी आसनं केली, डफीचा खेळ काढला, २०१० मध्ये त्याची मैत्रीण शेलीमे आली, २०१४ मध्ये चित्रकार मांजर जेलाटोनी, २०१७ मध्ये नाचरी सशीण स्टेलालू. काका म्हणतील, हा विक्री खात्याचा विजय, यात प्रेक्षकाचं कर्तृत्व काय? आक्षेप वजनदार आहे. गोष्ट कंपनीनं लिहिली, बाहुल्या कंपनीनं विकल्या, एकाच बागेत विकून टंचाईही तिनंच निर्माण केली. मग हेच सगळं घेऊन डिस्ने २०१० मध्ये परत अमेरिकेत गेली. तीच गोष्ट, तेच अस्वल, जाहिरातीची यंत्रणा तर घरचीच. पाचेक वर्षांत डफी तिथून मुकाट्यानं मागे घेतला गेला. विक्री खात्याची जादू फक्त पॅसिफिकच्या एका काठावर चालते काय?

यावर मामा लगेच म्हणणार, बघ, म्हणजे तो जपानी स्वभावच. गोजिरवाण्या गोष्टींचं वेड, बालपण सोडायला नकार. तेही निम्मं मान्य करतो. हॅलो किटीच्या देशात गोंडसपणाची परंपरा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच डफीच्या मित्रमंडळात २०२१ मध्ये शांघायला लिनाबेल नावाची गुलाबी कोल्हीण आली, आणि चिनी तरुणींनी तिच्यासाठी जे केलं त्यापुढे टोकियो फिकं पडलं. रात्री-अपरात्री थंडीत रांगा लागल्या. जपानी रक्तगुण असता तर सीमा ओलांडून इतक्या सहज गेला असता का? रक्त जात नाही, रीत जाते. आणि ही रीत घडवणारा वर्ग ओळखू येण्यासारखा आहे. टोकियोच्या या बागांत येणाऱ्यांत सुमारे सत्तर टक्के बायका आहेत. कमावत्या, मैत्रिणींबरोबर किंवा एकट्या येणाऱ्या, स्वतःच्या पैशानं तिकीट काढणाऱ्या. डिस्नेची मूळ कल्पना आई-बाप-मुलांच्या सहलीची. इथे त्या चौकटीत न बसणाऱ्या बाईनं बाग ताब्यात घेतली, आणि बागेनं तिच्यासाठी आपली कथा बदलली.

ही रीत डिस्नेनं शिकवली नाही, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. काबुकीच्या नाट्यगृहात प्रेक्षकांतून वाट जाते, नट तिथे थबकून पवित्रा घेतो, आणि त्या नेमक्या क्षणी वरच्या स्वस्त सज्जातून त्याच्या घराण्याचं नाव गर्जतं. क्षणभर लवकर किंवा उशिरा ओरडलं तर प्रवेश पडतो. हा ओरडणारा माणूस तिकीट काढून आलेला प्रेक्षकच, पण त्याच्यावाचून खेळ अपुरा. आपल्या संगीत नाटकांत ‘वन्स मोअर’नं पहाट व्हायची, ते ज्यांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. त्याहून जवळचं उदाहरण ताकाराझुकाचं. हांक्यू रेल्वेच्या कोबायाशी इचिझो यांना गाडीच्या शेवटच्या स्थानकावर, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, माणसं खेचायची होती. बंदिस्त पोहण्याचा तलाव चालेना. म्हणून त्यावर फळ्या टाकून नाट्यगृह केलं आणि १९१४ मध्ये मुलींचा गाण्या-नाचाचा ताफा तिथे रंगमंचावर आणला. म्हणजे ताकाराझुका ही मुळात एका करमणूक केंद्रातली ‘अ‍ॅट्रॅक्शन’ होती. तिचं नाट्यसंस्थेत रूपांतर केलं ते प्रेक्षक बायकांनी. त्यांनी नट्यांभोवती मंडळं बांधली, नाट्यगृहाच्या दाराशी एका रंगाच्या ओढण्यांत ओळीनं थांबून आपल्या नायिकेला आत पोचवायचं आणि खेळ सुटल्यावर निरोप द्यायचा, हा नेम वर्षानुवर्षं चालवला. डिस्नेसीत पिसांचा टोप घातलेल्या नर्तकांकडे लांब भिंगाचा कॅमेरा रोखून बसलेली बाई मला याच ओळीतली वाटते. तिला मिकीपेक्षा मागच्या रांगेतला तिसरा नर्तक महत्त्वाचा आहे, आज त्याची वेळ आहे की नाही हे तिनं येण्याआधी शोधून ठेवलेलं असतं. मिकी स्वतः ड्रम वाजवतो असा ‘बिग बँड बीट’ हा खेळ २००६ पासून डिस्नेसीत टिकला. डिस्नेच्या बागेत जॅझ आणि टॅपनृत्याला इतकी वर्षं कोण येत होतं?

मामांच्या बाजूचा सगळ्यात बळकट दाखला मी टाळणार नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या वेळी दोन्ही बागांत मिळून सुमारे ७० हजार माणसं होती. जमीन हादरली, गाड्या बंद पडल्या, वीसेक हजारांनी रात्र तिथेच काढली. कर्मचाऱ्यांनी दुकानांतले डफी काढून डोकं झाकायला वाटले, खाऊचे डबे उघडून दिले. चेंगराचेंगरी नाही, लूट नाही. याला शिस्त म्हणायचं नाही तर काय? म्हणावंच. पण ती आकाशातून पडली नव्हती. तिथले बहुतेक कर्मचारी अर्धवेळ काम करणारी तरुण पोरं. त्यांना वर्षभर भूकंपाचे सराव करवले जात होते, आणि वरिष्ठांना न विचारता दुकानातला माल वाटायची मुभा होती. प्रशिक्षणाच्या फळाला रक्ताचं नाव दिलं, की ते आपल्याला कधीच करावं लागत नाही. मामांना ते सोयीचं आहे, एवढंच मी म्हणेन.

शिवाय शिस्तीनं पार्क चालत असते तर ओसाकाचं काय झालं असतं? युनिव्हर्सल स्टुडिओज जपान ३१ मार्च २००१ ला उघडलं, पहिल्या वर्षात एक कोटी दहा लाख माणसं आली, आणि दुसऱ्या वर्षी आकडा कोसळला. मुदत उलटलेल्या खाद्यपदार्थांसारखी प्रकरणं बाहेर आली हे एक कारण. पण एकदा हॉलिवूड बघून झाल्यावर परत यायला कारणच नव्हतं, हे जास्त खरं. प्रेक्षक तोच जपानी, तितकाच शिस्तीचा. तो शिस्तीत घरी बसला. २०१० मध्ये त्सुयोशी मोरिओका हे साबण-शाम्पूच्या धंद्यातले गृहस्थ तिथे आले. चित्रपटांचंच पार्क हा हेका त्यांनी सोडून दिला. तिजोरीत पैसे नसताना २०११ च्या हॅलोविनला त्यांनी रस्त्यांवर झोंबी मोकळे सोडले. रंगवलेली माणसं, दुसरं काही नाही. ओसाकाच्या पोरींनी जीव खाऊन किंकाळ्या फोडल्या आणि त्या किंकाळ्याच खेळ बनल्या. एरवी चारचौघांत आवाज न चढवणाऱ्या समाजात ओरडायची परवानगी ही केवढी मोठी राइड! २०१३ मध्ये जुनीच रोलर कोस्टर उलट्या दिशेनं पळवली, तिच्यासाठी नऊ तासांहून जास्त वाट बघितली गेली. २०१४ ला हॅरी पॉटरवर ४,५०० कोटी येन लावले, २०१५ पासून जपानी अ‍ॅनिमे आणि खेळांचा हंगाम सुरू झाला. १८ मार्च २०२१ ला निन्टेंडोचं गाव उघडलं, ज्यात प्रेक्षक मनगटी पट्टा बांधून नाणी वेचत हिंडतो. तेच गाव २०२३ मध्ये हॉलिवूडला आणि २०२५ मध्ये ऑर्लँडोला गेलं. काळी जहाजं आता कुठल्या दिशेनं चालली आहेत, हा प्रश्न मी काकांना विचारला. ते पापड मोडत बसले.

तरीही माझ्या बाजूची एक दुखरी जागा आहे. प्रेक्षक सहलेखक म्हणतो तेव्हा कुठला प्रेक्षक? चाळीस वेळा येणारा. पहिल्यांदा आलेल्या, कडेवर पोर घेतलेल्या आईला परेडमध्ये समोरच्यांच्या पाठी दिसतात. जिथे कट्टर चाहत्यांची आवड खेळ ठरवते तिथे पाहुणा परका पडतो. टाळी कधी, हात कधी, ओरडायचं कधी, हे सगळ्यांना ठाऊक आणि याला नाही. पार्कला नियम करावे लागले ते या उत्साहामुळेच. परेडच्या एका तासाआधी चटई टाकायची नाही, तिपाई नाही, सेल्फी काठी नाही, मोठ्यांनी संपूर्ण वेशभूषा करायची तर ती हॅलोविनच्या दिवसांतच. मामांना जी शिस्त दिसली ती अशी, भांडणांतून उरलेली. या तक्रारीला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. इतकंच, की काबुकीच्या सज्जातही नवखा गांगरतोच, आणि शेजाऱ्याकडे बघत बघत शिकतो.

याहून मोठा प्रश्न पैशाचा. १९८३ मध्ये दिवसभराचं तिकीट ३,९०० येन होतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून गर्दीच्या दिवशी ते १०,९०० येन झालं. महासाथीत वार्षिक पास बंद झाले ते परतले नाहीत, म्हणजे पुन्हा पुन्हा येऊन नुसती परेड बघून जाणाऱ्याच्या पायाखालची वाटच काढून घेतली. २०२२ पासून जादा पैसे भरून रांग टाळायची सोय आली, आणि मिरवणूक बघायच्या जागाही त्यात विकायला निघाल्या. २०१८-१९ मध्ये सव्वातीन कोटींवर माणसं आली होती. आता कमी माणसं आणि माणशी जास्त खर्च, हे उघड धोरण आहे. जपानी चाहते यावर संतापलेत आणि कंपनीनं आपल्याला दगा दिला म्हणतात. त्यांचा संतापही चुकीच्या शब्दांत मांडला जातोय, असं मला वाटतं. महागाई ही तक्रार खरी, पण वरवरची. आजवर इथे चलन होतं वेळ. जो जास्त थांबेल त्याला पुढची जागा. शिकणाऱ्या पोरीकडे आणि निवृत्त आजीकडे पैसा नव्हता, वेळ होता, आणि त्या वेळाच्या जोरावर त्यांनी डफीला डफी केलं. जागा पैशाला मिळू लागली की खेळ कुणाच्या कलानं घडेल? जून २०२४ मध्ये सुमारे ३२ हजार कोटी येन ओतून डिस्नेसीत ‘फँटसी स्प्रिंग्ज’ हा नवा भाग उघडला. देखणा आहे, पण आहे चित्रपटांतल्या गावांची हुबेहूब प्रतिकृती. दूरच्या पाहुण्याला पटकन ओळखू येईल असा. डफीसारखं, कुठल्याही पडद्याचा आधार नसलेलं काही त्यातून निपजेल का, मला शंका आहे.

त्या दिवशी परेडला आमची चटई चौथ्या ओळीत होती. पैसे भरलेल्यांची दोरीनं आखलेली जागा सुरुवातीला दहा मिनिटं राहीपर्यंत अर्धी रिकामी होती. आमच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई, मांडीवर डफी, त्याला हातानं विणलेला पिवळा रेनकोट. संगीत सुरू झालं तशी काकांनी एक टाळी भलत्याच ठिकाणी वाजवली. बाईंनी वळून बघितलं, हसल्या, डफीचे दोन्ही पंजे धरले आणि पुढच्या कडव्याला नेमकी कुठे वाजवायची ते त्याच्याकडून करून दाखवलं. दोनदा चुकून तिसऱ्या वेळी काकांना जमलं. मामा तोवर पॉपकॉर्नच्या रांगेत होते. करी स्वादाचा संपला म्हणून तिथल्या पोरीशी मराठीतून वाद घालत होते.